पडताळणी मजुराची, मोकळीक ठेकेदाराला

महोदय,

बांगलादेशातून बेकायदा आलेल्यांना शोधण्याची मोहीम पुण्यात आणि पिंपरी-चिंचवडमध्ये जोर धरते, तेव्हा संशयाची नजर सर्वांत आधी बांधकामांवरील लेबर कॅम्पकडे वळते. सीमा बेकायदा ओलांडणे हा गुन्हा आहे आणि अशा व्यक्तीला परत पाठवण्याचा सरकारला पूर्ण अधिकार आहे. माझा आक्षेप पडताळणीच्या पद्धतीवर आहे.

आपण परकीय नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी १९४६ च्या परकीय नागरिकांविषयीच्या कायद्याने संशयितावरच टाकली होती आणि १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही ती त्याच्यावरच आहे. आधार कार्ड हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, असे आधार कायदाच सांगतो. मग पश्चिम बंगालमधील मालदा किंवा मुर्शिदाबादहून वाघोलीला सेंट्रिंगच्या कामावर आलेल्या माणसाने दाखवायचे तरी काय? बांधकामांवर अभियंता म्हणून मी अनेक वर्षे काम केले आहे. या मजुरांच्या कागदपत्रांच्या झेरॉक्स मुकादमाकडे प्लॅस्टिकच्या पिशवीत असतात, मूळ कागद गावी पत्र्याच्या पेटीत असतात आणि जन्मदाखला तर अनेकांनी कधी काढलेलाच नसतो. बोलीवरून संशय घ्यावा, तर मुर्शिदाबाद आणि बांगलादेशातील राजशाही यांच्यामध्ये पद्मा नदी तेवढी आहे आणि दोन्ही काठांवरची बंगाली आपल्यासारख्याला सारखीच वाटणार. पश्चिम बंगालच्याच कूचबिहारमधील, चहूबाजूंनी भारताने वेढलेल्या बांगलादेशच्या ५१ वस्त्या तर २०१५ मध्ये दोन्ही देशांनी केलेल्या भूभागांच्या अदलाबदलीत भारताला मिळाल्या आणि तेथील सुमारे १४ हजार रहिवासी तेव्हा भारताचे नागरिक झाले. वडिलांच्या भारतातील जन्माचा कागद मागितला, तर त्यांनी तो आणायचा कुठून?

केंद्रीय गृह मंत्रालयाने मे २०२५ मध्ये संशयितांच्या पडताळणीसाठी राज्यांना ३० दिवसांची मुदत दिली. पुढच्याच महिन्यात, महाराष्ट्रात पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना सीमेपलीकडे ढकलले गेल्याचे आणि ते भारतीय असल्याचे स्पष्ट झाल्यावर परत आणावे लागल्याचे उघड झाले. पोटापाण्यासाठी परराज्यात आलेल्या आपल्याच नागरिकाला परक्या देशात सोडून देणे ही कार्यालयीन चूक म्हणून सोडून देण्याजोगी गोष्ट नाही. राज्यघटनेचे २१ वे कलम नागरिकांपुरते नसून प्रत्येक व्यक्तीसाठी आहे आणि अरुणाचल प्रदेशातील चकमा निर्वासितांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये ते निःसंदिग्धपणे सांगितले आहे. म्हणजे जो खरोखरच बांगलादेशी निघेल, त्याच्याबाबतीतही कायद्याची पायरी गाळता येत नाही.

या सगळ्यात ठेकेदाराचे नाव मात्र कुठेच येत नाही, याची मला मनस्वी चीड येते. परराज्यातील प्रत्येक मजुराला छायाचित्रासह पासबुक देण्याचे बंधन १९७९ च्या कायद्याने ठेकेदारावर घातले होते. माझ्या नोकरीच्या काळात असे पासबुक मी एकाही मजुराच्या हातात पाहिले नाही. ती नोंद वेळच्या वेळी झाली असती, तर कोण कुठला, हे रात्री-अपरात्री झोपलेल्या माणसांना उठवून विचारावे लागले नसते. कागद नसलेला मजूर कमी मजुरीत राबतो आणि पैसे बुडाले तरी तक्रार करत नाही. त्याला कामावर ठेवण्यात कोणाचा फायदा असतो, हे या धंद्यातील प्रत्येकाला ठाऊक आहे.

म्हणून पुणे पोलिसांना आणि कामगार विभागाला माझी विनंती आहे, की संशयिताला सीमेकडे रवाना करण्यापूर्वी त्याने सांगितलेल्या गावच्या पोलीस ठाण्याकडून लेखी उत्तर मागवावे, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील त्याला मिळवून द्यावा, आणि ज्या बांधकामावर तो सापडला तेथील बिल्डर व ठेकेदार यांची हजेरीपुस्तके त्याच दिवशी ताब्यात घ्यावीत.

– एक निवृत्त स्थापत्य अभियंता, कोथरूड, पुणे