सूचना : जानापावकडील माळरान व जुन्या खाणींच्या सायकलफेरीविषयी

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, महूपासून जानापाव डोंगराच्या पायथ्यापर्यंतची, माळरानातील पायवाटा व बंद पडलेल्या दगडखाणी यांना जोडणारी फेरी येत्या रविवारी निघेल. मात्र शनिवारी पाऊस झाल्यास ती पुढे ढकलली जाईल. माळव्याची काळी माती ओली झाली की फुगते, टायर आणि फोर्क (चाक धरणारा दुभागी दांडा) यांच्यामध्ये चिकटून चाक जागीच अडवते, आणि अशा चिखलात उमटलेल्या चाकोऱ्या वाळल्यावर दगडासारख्या कडक होऊन नंतर येणाऱ्यांनाही जाचतात.

खाणींबाबत विशेष विनंती आहे. बेसाल्टच्या कड्यांना उभ्या भेगा असतात, त्यामुळे काठावरचा खडक भक्कम दिसला तरी निसटू शकतो. म्हणून काठापासून निदान १० फूट दूर राहावे, आणि खाणीत साचलेले पाणी कितीही नितळ दिसले तरी त्यात कोणीही उतरू नये. हेल्मेट अनिवार्य आहे.

जानापाव डोंगरावरील चंबळ नदीचा उगम लवकर गाठण्याची उत्सुकता सर्वांनाच असते, पण त्यासाठी हरभरा-गव्हाच्या पेरलेल्या शेतातून आडवाट काढू नये. बांधावरून जायचे असल्यास शेतकऱ्यास आधी विचारावे व सायकल हातात धरून न्यावी. जादा ट्यूब, पंप आणि २ लिटर पाणी प्रत्येकाने स्वतः आणावे.

— कार्यवाह, इंदूर