गर्डर ट्रस समजावून देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

‘थँक यू काका’ असा मेसेज पाठवून झाला, पण तेवढ्यावर भागवणं बरं वाटेना. शिवाय पुण्यात बसून अमेरिकेतल्या लाकडी घरांची ड्रॉइंग करणारे माझ्यासारखे पुष्कळ आहेत. त्यांच्याही कामाला येईल, म्हणून पत्र सगळ्यांसमोर लिहितोय.

घर एल आकाराचं. मुख्य भाग 30 फूट रुंद, त्याला काटकोनात 24 फुटांचा दुसरा भाग. दोन्ही जिथे मिळतात तिथे मालकांना भिंत नको, हॉल सलग हवा. म्हणजे मुख्य छताच्या ट्रसना (छत पेलणाऱ्या लाकडी त्रिकोणी सांगाड्यांना) त्या बाजूला टेकायला काही नाही; तिथे भिंतीऐवजी गर्डर ट्रस, म्हणजे बाकीचे ट्रस ज्याला टांगायचे असा जाड ट्रस, लागणार. चीफ आर्किटेक्ट या सॉफ्टवेअरमध्ये वरून छत झकास दिसत होतं, व्हॅलीही (दोन उतार मिळतात ती खोलगट रेषा) नीट जुळली होती. पण खाली ट्रस आखले की त्या जागेचे ट्रस व्हॅलीच्या पलीकडच्या उताराला जाऊन भिडायचे आणि भलतेच आकार घ्यायचे. त्यात सॉफ्टवेअरचा काही दोष नाही. वरचं छत आणि खालचं सीलिंग यांच्यात जेवढी जागा सापडेल तेवढी ते इमानेइतबारे भरतं.

तुम्ही व्हिडिओ कॉलवर आलात आणि माझी स्क्रीन बघायच्या आधीच विचारलंत, “वजन कुठे जातंय?” मग पाठकोऱ्या कागदावर हिशोब. छताचं ओझं बर्फासकट चौरस फुटाला 50 पौंड धरू. साधे ट्रस 24 इंचांवर, तेव्हा एकेकाच्या वाट्याला फुटामागे 100 पौंड. गर्डरवर मात्र 30 फुटी ट्रसचं निम्मं ओझं येणार: 15 गुणिले 50, फुटामागे 750. गर्डर 24 फुटांचा, म्हणजे दोन्ही टोकांना 9,000 पौंड. आतल्या दोन कोपऱ्यांत भक्कम खांब आणि खाली फुटिंग (पाया) लागणार, हे त्यानंतर वेगळं सांगायची गरजच उरली नाही.

आणि तो हँगर, ट्रस गर्डरला टांगणारा पत्र्याचा आधार! ट्रसच्या कारखान्यात इतकी वर्षं काढलेला माणूस घरातही हँगर ठेवतो, याचं मला अजून हसू येतं. तुम्ही तो वाकवलेला पत्रा कॅमेऱ्यासमोर धरलात आणि पेनाचं टोक एकेका भोकात घालून म्हणालात, “कंपनीने सांगितलेली सगळी भोकं भरायची, एकही सोडायचं नाही.” गर्डर दोन-तीन ट्रस एकमेकांना जोडून होतो, पण ओझं लटकतं एकाच अंगाला. ते मागच्या थरापर्यंत पोचवायचं काम हे थर एकमेकांना जोडणाऱ्या खिळ्यांचं. हे मी कुठल्याही ट्युटोरियलमध्ये ऐकलं नव्हतं.

सॉफ्टवेअरमधली युक्ती त्यामानाने दोन मिनिटांची. ट्रस जिथे छत साधं आहे तिथे आखायचा, त्याचं एन्व्हलप (बाहेरचा आकार) लॉक करायचं, मग कॉपी करून जागेवर नेऊन ठेवायचा. गर्डरकडच्या टोकाचं ओव्हरहँग (आधारापलीकडे येणारा भाग) काढून टाकायचं आणि ट्रस गर्डरच्या कडेशी थांबवायचा. गर्डर दोन थरांचा असेल तर जाडी 3 इंच, तीन थरांचा असेल तर साडेचार. तेवढी जागा आधीच सोडायची. वरची व्हॅली मग छोट्या छोट्या त्रिकोणी ट्रसनी भरून काढायची. मॉडेलमधल्या आतल्या तिरप्या पट्ट्या केवळ दिसण्यापुरत्या, खरं डिझाइन कारखान्याचा इंजिनीअर करून सही-शिक्क्यानिशी देणार, हेही तुम्ही बजावलंत. ते मी शीटवर ठळक टीप म्हणून टाकलंय.

बिल्डरने ड्रॉइंगचा सेट स्वीकारला. खांबांबद्दल त्याने एकही प्रश्न विचारला नाही, ही त्याच्याकडून मोठीच पावती.

पुढच्या घराला हिप छत (चारही बाजूंना उतार असलेलं) आहे. पहिला हिप गर्डर भिंतीपासून किती फुटांवर घ्यायचा, यावर आमच्या ऑफिसात दोन तट पडलेत. रविवारी तुमची सकाळ असेल तेव्हा फोन करू का? काकूंना नमस्कार.

आपला,
पुण्याचा ड्राफ्ट्समन