राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार: सगळ्यांना एकाच हातून द्या

मा. मंत्री महोदय,
माहिती व प्रसारण मंत्रालय, नवी दिल्ली

स. न. वि. वि.

गेली सोळा वर्षं मी शूटिंगवर बूम, म्हणजे लांब दांडीला लावलेला माइक, धरतो. फ्रेममध्ये आमची सावलीसुद्धा येऊ द्यायची नाही, असं हे काम. म्हणूनच ३ मे २०१८ चा विज्ञान भवनातला सोहळा माझ्या मनातून जात नाही.

६५वे राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार. विजेते घरच्यांना घेऊन दिल्लीत आले होते. राष्ट्रपतींच्या हस्ते पुरस्कार मिळणार, असं प्रत्येकाने गावाकडे सांगून ठेवलेलं. आदल्या दिवशी रंगीत तालमीत कळलं, की राष्ट्रपती फक्त ११ जणांना पुरस्कार देणार, बाकीच्यांना मंत्री देतील. पन्नासहून अधिक विजेते सोहळ्याला गेलेच नाहीत. राष्ट्रपती अशा समारंभांना तासभरच थांबतात आणि हे मंत्रालयाला काही आठवडे आधी कळवलं होतं, असा खुलासा नंतर राष्ट्रपती भवनाकडून आला. मग विजेत्यांना ते आदल्या दिवशीच का कळावं?

त्या वर्षी नागराज मंजुळे यांच्या ‘पावसाचा निबंध’ या लघुपटाला दिग्दर्शनाबरोबर ध्वनीचाही पुरस्कार होता. पत्र्यावरचा पाऊस वेगळा वाजतो, केळीच्या पानावरचा वेगळा. तो टिपायचा तर माइकवर थेट थेंब पडू न देता, खांदे भरून आले तरी बूम न हलवता उभं राहावं लागतं. सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरलेल्या रीमा दास यांच्या आसामी ‘व्हिलेज रॉकस्टार्स’मध्ये लोकेशन साउंडचा, म्हणजे शूटिंगच्या जागीच आवाज टिपण्याचा, पुरस्कार मल्लिका दास यांना मिळाला. मोठं युनिट नाही, स्टुडिओ नाही, गावातच सगळं शूटिंग. आमच्यासारख्यांना ही बातमी वाचून किती बळ आलं, काय सांगू! अशा माणसांच्या आयुष्यात रजत कमळ, म्हणजे या पुरस्काराचं पदक, बहुधा एकदाच येतं. हिरोला पुरस्कार देणारे पुष्कळ आहेत. ध्वनी, संकलन, माहितीपट यांच्यासाठी या मंचाचं मोल फार मोठं आहे.

१९५४ साली, पहिल्याच वर्षी, ‘श्यामची आई’ला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. आम्हा मराठी माणसांना ‘राष्ट्रपती पदक’ हा शब्द तेव्हापासून तोंडपाठ आहे.

२०२२ पासून राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते सोहळे होत आहेत, याचा आनंद आहे. पण हे त्या त्या वर्षाच्या वेळापत्रकावर अवलंबून राहू नये. एकाच मंचावरून दिले जाणारे सगळे पुरस्कार एकाच हातून दिले जातील, असं नियमावलीत स्पष्ट शब्दांत लिहावं. वेळ कमी पडत असेल तर भाषणं कमी करा, सोहळा दोन दिवसांचा करा. आणि बदल करावाच लागला, तर तो निमंत्रणपत्रातच कळवा, तिकिटं काढायच्या आधी.

आपला नम्र,
एक ध्वनिमुद्रण साहाय्यक, मुंबई