बंड्या, तुझा सांधा सापडला

वाई, रविवार रात्र

प्रिय बंड्या,

आठ महिने पत्र नाही, फोन नाही. तुझ्या शिव्या पोचल्या असं समज. पण हे तुझ्याशिवाय कुणाला कळायचं नाही: माडीच्या जिन्यातल्या कपाटामागे फोनच्या वायरीतला तुझा सांधा सापडला.

तांब्याची लाइन गेली, फायबर आली. पोऱ्याने ओसरीत डबा ठोकला, त्यात एक फोन खुपसला आणि गेला. स्वयंपाकघरातला आणि माडीवरचा मुके. कॉर्डलेस आणू म्हटलं, बेस एका जागी, बाकीच्या हँडसेटना नुसतं चार्जिंग लागतं. आई म्हणाली, ''चष्मा शोधते तेवढं पुरे आहे.''

गेल्या महिन्यात रात्री ती माडीवर पडली. गुडघा सुजला होता, आता ठीक आहे. पण फोन हाताशी असून मुका, म्हणून दूधवाला येईपर्यंत पायरीवर बसून राहिली. मला हे चार दिवसांनी कळलं.

मग मी आपली ९१ सालची वायर जिवंत करायला घेतली. रोझेटमधून, म्हणजे भिंतीवरच्या फोनजोडणीच्या डबीतून, खांबाकडची जोडी आधी सोडवली, मग डब्याच्या फोनच्या भोकातून एक वायर रोझेटला दिली. मीटर लावला. ओसरीत ४८ व्होल्ट, स्वयंपाकघरात ४८, माडीवर शून्य. आपण एकातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा असं ओढत नेलं होतं ना, म्हणजे घोळ जिन्यातच. चाचपत गेलो तर कपाटामागे गाठ, आणि तिच्यावर जखमेला लावायची चिकटपट्टी! मधला कापसाचा चौकोनसुद्धा शाबूत. आत तांबं हिरवं पडलेलं, एक तार तुटलेली. इन्सुलेशन टेपला पैसे नव्हते, हे मान्य. पण ''जरा तारा धर'' म्हणून मला उभं करून वाण्याकडून फोन लावलास, ते? नुसते ४८ व्होल्ट कळतही नाहीत; घंटीला ७५ च्या आसपास एसी येतं, ते चावतं. तू अजून योगायोग म्हणतोस. योगायोगाने कुणी वाण्याला रुपया देत नाही.

सांधे नवे केले, यावेळी डाखले. तिन्ही फोन एकदम वाजले. तात्यांचा काळा फोनही वाजतो, पण त्यावरून नंबर लागत नाही. डब्याला बटणांचे सूर कळतात, डायलची टकटक कळत नाही. माडीवर बटणांचा ठेवलाय. मी वरून उचलला, आई खालून बोलत होती, तिचा आवाज लगेच बारीक झाला. तात्या अशा वेळी काय ओरडायचे आठवतं? ''बंड्या, ठेव!'' उचललेला मी असलो तरी.

आता खरी गोष्ट. पूर्वी लाइट गेली तरी फोन चालायचा, एक्सचेंजच्या बॅटरीवर. हा डबा लाइट गेली की मेला. छोटा यूपीएस लावला आणि काल मेन स्विच पाडून घड्याळ घेऊन बसलो: दोन तास चाळीस मिनिटं. पावसाळ्यात इथली लाइट रात्र रात्र नसते, तुला माहीत आहे. मोबाइल दिलाय, तो ती बंद करून ठेवून देते, ''खर्च होतो'' म्हणून. खाली झोप म्हटलं तर ''यांची खोली सोडून?'' म्हणते. मी पुण्यात बसून काय करणार? माझं ऐकत नाही. तुझं ऐकते, का ते मला आजवर कळलेलं नाही.

छकुलीची बारावी कशी गेली? वहिनींना नमस्कार. बदलीचं काय झालं ते कळव.

आणि तिला फोन कर, नऊनंतर. नंबर तोच आहे. बराच वेळ वाजू दे, तिला उठायला वेळ लागतो.

तुझा,
अव्या