अकराचा आकडा

प्रिय सुहास,

तुझं पत्र मिळालं. 'सापडला एकदाचा चोर!' या वाक्याखाली तू दोन रेघा मारल्या आहेस. रक्तात ड जीवनसत्त्व ११ आलं, म्हणजे सांधेदुखीचं मूळ तेच; आता गोळ्या, सकाळचं कोवळं ऊन आणि सांध्यांच्या मेथोट्रेक्सेट या औषधाला रामराम, असा तुझा बेत. तो वाचला आणि हातातलं काम टाकून लिहायला बसलो.

११ कमीच, त्यात वाद नाही. मिलिलिटरला २० नॅनोग्रॅमच्या खाली कमतरता धरतात, ती भरून काढ. पण सोरायटिक संधिवात (सोरायसिसच्या चट्ट्यांसोबत सांधे धरणारा, आपल्या दोघांचा आजार) असलेल्या पुष्कळांचा आकडा कमी निघतो, म्हणून त्यानेच सांधे धरले असं नाही. दुखतं म्हणून आपण घराबाहेर पडत नाही. चट्टे दिसू नयेत म्हणून पूर्ण बाह्या घालतो (मी किती वर्षं घातल्या, तुला माहीतच आहे). वजन वाढलं की हे जीवनसत्त्व चरबीत मुरून बसतं. शिवाय अंगात दाह असला की रक्तातला आकडा आणखी खाली येऊ शकतो. तू चोर म्हणून धरलास, तो कदाचित ज्याच्या घरी चोरी झाली तोच असेल!

माझंच बघ. आकडा वर आल्यावर मांड्यांतला जडपणा गेला, जिना चढताना कठडा धरणं सुटलं. डाव्या पायाचं चौथं बोट मात्र तसंच टम्म. नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे, तेही जागेवर. कमतरतेची हाडं-स्नायूंची दुखणी वेगळी, आणि आपलीच प्रतिकारशक्ती सांध्यांवर उलटते ते वेगळं. डॉक्टरांनी औषध वाढवलं, तेव्हा कुठे महिन्या-दोन महिन्यांनी ते बोट बुटात मावायला लागलं.

नातं अगदीच नाही असंही नाही. प्रतिकारशक्तीच्या टी-पेशी ड जीवनसत्त्वाचा संदेश ओळखतात. तू कोपरांवरच्या चट्ट्यांना लावतोस ते कॅल्सिपोट्रिऑल मलम त्याच कुळातलं. १९८५ साली जपानमध्ये हाडांच्या ठिसूळपणासाठी या कुळातलं औषध घेणाऱ्या एका रुग्णाचा सोरायसिस ओसरल्याची नोंद झाली, आणि संशोधक त्या वाटेला लागले. पण कातडीवर चालतं ते सांध्यात चालेलच, असं नाही. २०२२ मध्ये व्हायटल नावाच्या मोठ्या चाचणीचा निष्कर्ष आला: २५,८७१ जण, ड जीवनसत्त्वाचे रोज २,००० युनिट, सुमारे पाच वर्षं, नव्याने होणारे स्वप्रतिकार आजार (प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते ते) २२ टक्क्यांनी कमी. चांगलीच बातमी. फक्त 'नव्याने' हा शब्द नीट वाच. आपल्याला तर आजार होऊन बसलाय.

आणि ते कोवळं ऊन! मन प्रसन्न होतं, पण तिरप्या किरणांत ड जीवनसत्त्व फारसं बनत नाही. काचेआड बसलास तर जवळजवळ नाहीच. पण म्हणून भर दुपारी भाजून घेऊ नकोस. त्वचा पोळली की तिथेच नवा चट्टा उठू शकतो.

गोळी आठवड्याची की रोजची, हे चिठ्ठीवर पुन्हा बघ. आठवड्याची रोज घेतली तर रक्तात कॅल्शियम चढतं, मळमळ होते, सारखी तहान लागते, मूत्रपिंडावर येतं. तीन महिन्यांनी परत तपासून घे. मेथोट्रेक्सेट डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडायचं नाही, ही माझी तंबी समज.

अंगठी साबण लावून काढावी लागली म्हणालास, ती कोणत्या बोटातली? सकाळी मूठ वळायला किती वेळ लागतो, तेही आठवडाभर लिहून ठेव. डॉक्टर आधी तेच विचारतील.

तुझा,
विनू