थर वाचता वाचता

फोंडा, गोवा

प्रिय बंडू,

परवा फोनवर तू विचारलंस, ‘जे.जे.ला गेला नाहीस, पणजीच्या कला महाविद्यालयातही नाही, मग जलरंग शिकलास कुणाकडे?’ घाईत सांगण्यासारखं ते नाही, म्हणून पत्र.

मी चित्रांकडूनच शिकलो. तैलरंगात वरचा थर खालच्याला झाकतो. पारदर्शक जलरंगात मात्र आधी काय लावलं आणि नंतर काय, ते शेवटपर्यंत दिसत राहतं. पांढरा तर लावायचाच नसतो, तिथे कागद राखायचा. चित्रासमोर बराच वेळ बसलं की चित्रकाराचा हात कुठून कुठे गेला ते उलगडू लागतं. गुरू नसलेल्या माणसाला याहून उदार माध्यम मिळणार नाही.

सावळाराम हळदणकरांची ती दिवा घेतलेली स्त्री आठव. हळदणकर आपल्या शेजारच्या सावंतवाडीचे, जन्म १८८२ चा. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातलं हे चित्र अजून कितीतरी लोक रविवर्म्याचं समजतात, याचं मला फार वाईट वाटतं. साठी ओलांडल्यावर, १९४५-४६ च्या सुमारास, मुलगी गीता हिला समोर उभी करून त्यांनी ते रंगवलं, तेही जलरंगात! ज्योतीआड धरलेल्या हाताची बोटं आतून उजळलेली दिसतात. तिथे किती पातळ रंग असेल आणि किती नुसता कागद, याचा विचार करत मी तासन् तास घालवलेत.

दुसरे चित्रकार आंजेलो द फोन्सेका. हे तर आमच्या सांत इस्तेवचे, पण आयुष्याचा मोठा काळ गेला तुझ्या पुण्यात, ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात. शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ आणि नंदलाल बोस यांच्याकडे शिकून आलेला हा माणूस. त्यांच्या चित्रांतली मारिया, येशूची आई, साडी नेसते, सावळी असते. पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात त्यांचा मोठा संग्रह आहे. वॉशवर वॉश, म्हणजे पाण्यात पातळ केलेल्या रंगाचा थर, देऊन, मधे कागद पाण्यात भिजवून रंग मुरवायची ती बंगाली रीत. तिच्यातून येणारा मऊपणा बघितला आणि माझा घाईचा हात आपोआप सावकाश झाला.

बाकी शिकवलं इथल्या हवेने. मे महिन्यात कुंचला कागदाच्या टोकाला पोचायच्या आत वॉश वाळतो आणि कडा उमटते. आषाढात तोच वॉश वाळता वाळत नाही. ओल्यात ओला रंग सोडावा आणि वाट बघावी, मग मांडवीवरचा पाऊस आपसूक उतरतो. कागदाला बुरशी धरते ती वेगळीच. माझे कागद कपड्यांच्या कपाटात कापराच्या वड्यांसोबत असतात, त्यावरून घरात बोलणी खातो.

आणि हिरवा! पावसाळ्यात इथे दुसरा रंगच नसतो, म्हणून तयार हिरव्याची ट्यूब मी घेतच नाही. शेतातल्या तरव्याला, म्हणजे भाताच्या कोवळ्या रोपांना, लेमन यलो आणि प्रशियन ब्लूचा थेंब. कुळागरातल्या, म्हणजे बागायतीतल्या, पोफळींखालच्या गर्द सावलीला निळा अल्ट्रामरीन, पिवळा आणि जरासा तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना. तोच बर्न्ट सिएना चिऱ्याच्या, जांभ्या दगडाच्या, भिंतीला. त्यात अल्ट्रामरीन मिसळला की त्याचे कण खडबडीत कागदाच्या खळग्यांत बसतात आणि चिऱ्याची भोकं न काढता दिसू लागतात. ट्यूबा साध्या कॅम्लिनच्या चालतात, पण कागदात काटकसर करू नये. ३०० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, सुती कागदच हवा, हलका कागद एवढं पाणी सोसत नाही.

चवथीला ये. गणपतीवर फळा-पानांची माटोळी बांधायला हात लागतीलच, नंतर आपण पर्वरीला जाऊ. तू फोन्सेकांसमोर बसून कुठला थर आधीचा ते मला सांग, तुझी नजर माझ्याहून ताजी आहे. आणि तुझ्या वडिलांच्या ट्रंकेत ‘दीपावली’चे जुने अंक असतील तर घेऊन ये. चित्रकार दीनानाथ दलाल मडगावचे, १९१६ चा जन्म, त्या अंकांवरच्या त्यांच्या मुखपृष्ठांतल्या रेषेबद्दल तुझ्याशी भांडायचं आहे.

वहिनींना नमस्कार.

तुझाच,
नाना