सेंट पॅट्रिकचा दिवस बिअरचा नव्हता

मा. संपादक,
स.न.वि.वि.

यंदा १७ मार्चला, म्हणजे आयर्लंडचा संत पॅट्रिक याच्या सणाच्या दिवशी, आपल्या दैनिकाच्या शेवटच्या पानावर एक चौकट आली होती. हिरवी बिअर, हिरव्या टोप्या, शिकागोची हिरवीगार केलेली नदी, आणि वर मथळा: 'आयरिश लोकांचा पिण्याचा सण'. मी मूळची मालवण तालुक्यातली. गेली अकरा वर्षं आयर्लंडच्या पश्चिमेला, काउंटी मेयोमधल्या एका वृद्धाश्रमात नर्स आहे. सकाळी ड्यूटीवर जायच्या आधी मोबाइलवर आपला अंक वाचल्याशिवाय मला चहा गोड लागत नाही. त्या दिवशी मात्र ती चौकट डोक्यातून जाईना. ज्यांचा हा सण, त्यांच्यातलीच चाळीस माणसं आमच्या आश्रमात राहतात. बहुतेक सगळी ऐंशीच्या पुढची. त्यांच्या लहानपणच्या १७ मार्चला हिरवी बिअर तर नव्हतीच, पण साधीही नव्हती. पब बंद असायचे.

हे खरं आहे. या दिवसाची सार्वजनिक सुट्टी १९०३ सालच्या कायद्याने मिळाली, आणि पुढे आयर्लंड स्वतंत्र झाल्यावर १९२७ साली त्यांच्याच सरकारने त्या दिवशी पब बंद ठेवायचा कायदा केला. तो १९६० मध्ये बदलला, आणि १९६१ च्या १७ मार्चला पब पहिल्यांदा उघडे राहिले. डब्लिनमध्ये हयात घालवलेले एक आजोबा आमच्याकडे आहेत. ते सांगतात की त्या बंदीच्या काळात शहरात उघडपणे दारू मिळायचं एक प्रसिद्ध ठिकाण होतं, ते म्हणजे रॉयल डब्लिन सोसायटीच्या मैदानावरचं कुत्र्यांचं प्रदर्शन. जन्मात कुत्रा न पाळलेली माणसंही त्या दिवशी तिथे आवर्जून जायची म्हणे. हे सांगताना आजोबांना दर वर्षी तितकंच हसू येतं.

बाकीच्यांच्या आठवणी शेतावरच्या घरांतल्या आहेत. सकाळी चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे सामूहिक उपासना. त्याआधी आई नाहीतर आजी मुलांच्या कोटावर शॅमरॉक नावाच्या तीन पानी रोपट्याची जुडी टाचायची. मुलींच्या केसांत हिरवी रिबीन, मुलांच्या छातीवर हिरव्या, पांढऱ्या, केशरी फितीचा बिल्ला. हा दिवस ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांच्या उपासात येतो. त्या दिवसांत मुलांनी गोड सोडलेलं असायचं. मिळालेली गोळी-चॉकलेटं जॅमच्या रिकाम्या बरणीत टाकायची आणि बरणीकडे बघत बसायचं. पॅट्रिकच्या दिवशी तेवढी सूट. एक आजी मला अजून सांगतात की त्यांनी एकदा सकाळीच अख्खी बरणी संपवली आणि मिस्सा चालू असताना त्यांच्या पोटात कळा यायला लागल्या. दुपारी वडील बटाट्याच्या वाफ्यांकडे जायचे, कारण लागवडीला हात घालायचा हा दिवस. आपण मृगाकडे बघतो तसं इथे या दिवसाकडे बघतात. एक म्हण आहे. संत ब्रिजिडचा दिवस १ फेब्रुवारीला. ती म्हणते, 'माझ्या दिवसापासून एकाआड एक दिवस चांगला'. त्यावर पॅट्रिक म्हणतो, 'माझ्या दिवसापासून रोजचाच चांगला'. मेयोच्या पावसात हे खरं ठरलेलं मी अजून पाहिलेलं नाही, पण आमचे शेतकरी आजोबा ते दर वर्षी विश्वासाने म्हणतात.

त्यांच्याच घरची दुसरी आठवण रेडिओची. गावात वीज आलेली नव्हती. रेडिओ बॅटरीवर चालायचा आणि ती बॅटरी भरून आणायला शहरात जावं लागायचं. १७ मार्चला डब्लिनच्या क्रोक पार्कवर रेल्वे कपचे अंतिम सामने असायचे. मन्स्टर, लेन्स्टर, अल्स्टर, कॉनॉट हे चार प्रांत एकमेकांविरुद्ध हर्लिंग आणि गेलिक फुटबॉल हे इथले पारंपरिक खेळ खेळायचे. पन्नासच्या दशकात मैदानावर चाळीस हजारांच्या वर माणसं जमायची. वडील आदले आठ दिवस रेडिओला कोणाला हात लावू द्यायचे नाहीत. बॅटरी सामन्यासाठी राखून ठेवायची. दुपारी आजूबाजूच्या घरांतली सगळी माणसं त्यांच्या स्वयंपाकघरात, आणि जागा मिळाली नाही ती खिडकीबाहेर, कोटाच्या कॉलरी वर करून.

मिरवणुकांचंही तेच. पॅट्रिकच्या नावाने मोठ्या मिरवणुका काढायची रीत मुळात अमेरिकेत गेलेल्या आयरिश माणसांनी रुजवली. न्यूयॉर्कमध्ये अठराव्या शतकापासून त्या निघतात. इथे पन्नासच्या दशकात डब्लिनला निघायची ती कारखान्यांची, मालमोटारींची, ट्रॅक्टरची मिरवणूक होती. शिकागोची नदी १९६२ पासून रंगवतात, आणि ती शिकागोतच आहे. आज जगभर दिसतो तो अनेक दिवसांचा मोठा महोत्सव सरकारने १९९५ मध्ये ठरवून सुरू केला. पश्चिमेकडच्या डिंगल गावात मात्र या दिवशी सकाळी सहा वाजता, अंधारातच, बासऱ्या आणि ढोल वाजवत मिरवणूक निघते. ती मला एकदा बघायची आहे.

आज कोणी पीत नाही असं मी मुळीच म्हणत नाही. त्या रात्री इमर्जन्सीत ड्यूटी करणाऱ्या माझ्या मैत्रिणींना काय काय बघावं लागतं ते मला माहीत आहे. दिवस सरताना कोटावरचा शॅमरॉक शेवटच्या पेल्यात बुडवायची जुनी रीतही आहे. पण दिवसाच्या शेवटचा एक पेला तेवढा आपण छापला, आणि सकाळपासूनचा सगळा दिवस वगळला.

आता शॅमरॉकविषयी, कारण माझं हे पत्र खरं तर त्यासाठीच आहे. आपल्याकडची आंबुशी असते ना, लांबून साधारण तशीच दिसणारी ही तीन पानांची बारीक वनस्पती. पॅट्रिकने एका देठाची तीन पानं दाखवून देवाचं त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) समजावलं अशी कथा आहे. मी इथल्या आजींना बेलाच्या पानाबद्दल सांगितलं तेव्हा त्यांना फार आनंद झाला होता. त्या आजी आता अठ्ठ्याऐंशीच्या आहेत. १९५६ साली, अठरा-एकोणीस वर्षांच्या असताना, नर्सिंग शिकायला बर्मिंगहॅमला गेल्या. त्या काळात मेयोच्या घराघरातून पोरं इंग्लंडला जायची, जशी आमच्याकडून मुंबईला.

दर वर्षी मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांना आईकडून टपालाने एक डबी यायची. वडिलांच्या तंबाखूची रिकामी पत्र्याची डबी. आत ओलं शेवाळ, त्यात मुळांसकट आणि जराशा मातीसकट उपटलेला शॅमरॉक. येईपर्यंत पानं मलूल झालेली असायची, कधी कधी काळी पडलेली. तरी त्या बशीत पाणी घेऊन रात्रभर ठेवायच्या. वॉर्डच्या मेट्रनना गणवेशावर काही लावलेलं चालत नसे, म्हणून छातीवर उलटं टांगलेलं घड्याळ असतं नर्सचं, त्याच्या मागे त्या एक काडी खोचायच्या. रोग्याची नाडी बघायला घड्याळ हातात घेतलं की बोटाला पान लागायचं. मातीसुद्धा त्या लगेच टाकत नसत. आपल्या घरामागच्या गडग्याखालची माती आहे हे त्यांना वासावरून कळायचं.

१९७१ च्या हिवाळ्यात आई गेली. त्या अंत्यविधीला येऊन गेल्या होत्या, रडून झालं होतं, परत कामाला लागल्या होत्या. पुढच्या मार्चमध्ये डबी आली नाही. आई नाही हे आपल्याला त्या दिवशी कळलं, असं त्या म्हणाल्या. ती डबी अजून त्यांच्या कपाटाच्या वरच्या खणात आहे. तिच्यात सेफ्टी पिना आणि कानातल्या यंत्राच्या बॅटऱ्या असतात. झाकण घट्ट झालंय, त्यामुळे रोज सकाळी ते मला उघडून द्यावं लागतं.

संपादक महोदय, माझी आई एसटीच्या ड्रायव्हरकडे मुंबईला पिशवी द्यायची. आगळाची बाटली, फडक्यात बांधलेलं कुळथाचं पीठ. मला या आजींची गोष्ट समजायला आयरिश व्हावं लागलं नाही. आणि ज्या संताचा हा दिवस तोही इथला नव्हता. पाचव्या शतकातला हा मुलगा, सोळाव्या वर्षी ब्रिटनमधून पळवून आणलेला गुलाम. सहा वर्षं परक्यांची जनावरं राखून पळून गेला आणि पुढे बिशप होऊन आपण होऊन परत आला. हे त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे.

आपल्या वाचकांना आणखी जवळचं वाटेल असंही बरंच आहे. आयर्लंडचे पंतप्रधान झालेले लिओ वराडकर यांच्या वडिलांचं गाव वराड, आमच्याच तालुक्यातलं. आयरिश राजदूताने १९५२ साली अमेरिकेच्या अध्यक्षांना शॅमरॉकची एक छोटी पेटी पाठवली, तेव्हापासून चालत आलेल्या प्रथेप्रमाणे वराडच्या या नातवानेही व्हाइट हाउसमध्ये शॅमरॉकचं भांडं दिलं आहे. पण मला आठवतात ते १७ मार्च २०२० च्या संध्याकाळचे. कोरोनामुळे देशभरच्या मिरवणुका रद्द झाल्या होत्या, आमच्या आश्रमाचं दार नातेवाइकांना बंद होतं, आणि वराडकर टीव्हीवरून देशाशी बोलत होते. सगळ्यांच्या अंगावर मी सकाळी टाचलेला शॅमरॉक होता. कोणी काही बोलत नव्हतं. शेवटी शेतकरी आजोबा म्हणाले, आमच्या लहानपणी हा दिवस असाच शांत असायचा. त्या माणसांपैकी काही पुढच्या मार्चला नव्हती.

म्हणून विनंती आहे की पुढच्या वर्षी चौकट द्याल तेव्हा थोडी मोठी द्या. पुण्यात एम्प्रेस गार्डनजवळ सेंट पॅट्रिक कॅथेड्रल आहे, १८५० मध्ये छावणीतल्या आयरिश शिपायांसाठी उभं राहिलेलं. आपला वार्ताहर तिथूनही सुरुवात करू शकेल. शिवाय १९३७ ते १९३९ या काळात आयर्लंडमधल्या सुमारे पाच हजार शाळांतल्या मुलांनी घरच्या म्हाताऱ्यांना विचारून वहीत उतरवून घेतलेल्या आठवणी आता इंटरनेटवर वाचायला मिळतात, त्यांतही सणावारांविषयी पुष्कळ आहे. आमच्याकडच्या माणसांची परवानगी घेऊन, नावं न देता, मीही लिहून पाठवीन.

डबीवाल्या आजींनी यंदा त्या दिवशी विचारलं होतं, तुमच्याकडच्या पेपरात आमच्या पॅट्रिकबद्दल काही आलंय का? मोबाइल माझ्या खिशातच होता. मी म्हटलं, अजून वाचला नाही. पुढच्या मार्चला त्या एकोणनव्वदच्या असतील. आपण छापलंत तर मी ते त्यांना इंग्रजीत सांगून वाचून दाखवीन.

आपली नम्र,
एक वाचक
(काउंटी मेयो, आयर्लंड, मूळ गाव तालुका मालवण)